सावंतवाडीचं कपाट गुरुग्रामला: एका पाठवणीचा पूर्ण हिशेब

वेंगुर्ल्याकडचं एक जुनं घर पाडलं, तेव्हा त्यातलं सागवानी कपाट सावंतवाडीजवळच्या एका छोट्या कारखान्यात आलं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक रंधा मशीन, एक लेथ आणि काका-पुतणीची जोडी. काका साठी ओलांडलेले, पिढीजात सुतार. पुतणी बी.कॉम. झालेली, फोटो काढणं, जाहिरात टाकणं, गिऱ्हाइकांशी बोलणं, जीएसटी भरणं हे सगळं तिच्याकडे. मी मालवाहतुकीची आणि विम्याची कागदपत्रं करून देतो, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून माझ्या नजरेसमोर घडलं. दोघांना विचारून, नावं वगळून ते इथे सविस्तर लिहितो आहे. कोकणातून, कोल्हापुरातून, गोव्यातून जुनं फर्निचर ऑनलाइन विकणारी माणसं आता पुष्कळ झाली आहेत. त्यांचा माल उत्तम असतो, गिऱ्हाईकही मिळतं, आणि मग सगळी कमाई पाठवणीत जाते. हे मला बघवत नाही.

कपाट ७८ इंच उंच, ४८ इंच रुंद, २१ इंच खोल. दोन दारं, त्यातल्या एकाला बाहेरून उभा आरसा, खाली लांब ड्रॉवर, माथ्यावर कोरीव पट्टी, खाली लेथवर काढलेले गोल पाय. काकांनी जुनं पॉलिश उतरवून लाखेचं नवं पॉलिश केलं होतं. घेणाऱ्या बाई मूळच्या कुडाळच्या, नोकरीनिमित्त गुरुग्रामला, सतराव्या मजल्यावर राहणाऱ्या. आजोळच्या माजघरात असंच कपाट होतं म्हणून त्यांनी फोटो बघताच फोन केला. किंमत ठरली ₹६८,०००. निम्मी रक्कम लगेच आली. जाहिरातीत पुतणीने लिहिलं होतं, ‘संपूर्ण भारतात घरपोच मोफत’. ‘घरपोच मोफत’ या दोन शब्दांसाठी तिने किमतीत ₹९,००० धरले होते. हा आकडा कुठून आला, असं विचारलं तर म्हणाली, कोल्हापूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला, तो म्हणाला किलोला ₹१३, आणि कपाटाचं वजन १३० किलो. म्हणजे ₹१,७०० भाडं, बाकी पॅकिंग आणि टेम्पो.

इथेच पहिली मेख आहे. पार्ट लोडचं, म्हणजे एका ट्रकमध्ये अनेकांचा माल एकत्र जातो त्याचं, भाडं काट्यावरच्या वजनावर लागतं ते सिमेंटला, सळईला. कपाटासारखी आतून पोकळ वस्तू ट्रकमध्ये जागा अडवते, वजन भरत नाही. म्हणून ट्रान्सपोर्टवाला लांबी, रुंदी, उंची इंचात मोजतो, गुणाकाराला १,७२८ ने भागून घनफूट काढतो आणि दर घनफुटाला ठरावीक किलो धरतो. कोणी ६ धरतो, कोणी ८, कोणी १०. हा आकडा दरापेक्षा महत्त्वाचा असतो आणि फोनवर तो आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. या ट्रान्सपोर्टवाल्याचा आकडा ८ होता.

उघडं कपाट साडेपंचेचाळीस घनफूट. त्याला लाकडी क्रेट करायचा तर सगळ्या बाजूंनी तीन-तीन इंच वाढणार: ८४ × ५४ × २७, म्हणजे जवळपास ७१ घनफूट. तीन इंचांनी आकारमान दीडपटीच्या वर गेलं. ७१ गुणिले ८, म्हणजे ५६८ किलो, आणि ₹१३ ने भाडं ₹७,३८४. त्यावर क्रेटचे ₹९,५००, कारण ते धूड उचलताना सांधे खिळखिळे होऊ नयेत इतका तो भक्कम हवा. सावंतवाडीहून कोल्हापूरपर्यंत पूर्ण टेम्पो. उतरवायला सहा माणसं. मी कागदावर बेरीज मांडली तेव्हा ती ₹२५,९३४ झाली, म्हणजे धरलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट.

मग मी बाईंना त्यांच्या इमारतीची मापं मागायला सांगितलं. सर्व्हिस लिफ्टच्या दाराची मोकळी उंची ६ फूट ७ इंच निघाली. क्रेट ७ फुटांचा. क्रेट खाली सोडून नुसतं कपाट नेऊ म्हटलं तर एका इंचाची फट उरत होती, त्यात ट्रॉलीची चाकं बसत नाहीत, आणि आडवं करायला लिफ्टमध्ये जागा नाही. राहिला जिना, सतरा मजल्यांचा. शिवाय सोसायटीचा नियम असा की सामान दिवसा ठरलेल्या वेळेतच चढवायचं, आधी नोंद करून. म्हणजे रात्री पोहोचलेला ट्रक सकाळपर्यंत थांबणार आणि थांबण्याचे पैसे लावणार.

अख्खं की सुटं

पर्याय एकच होता: कपाट सोडवून पाठवायचं. काका ऐकेनात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सांधे एकदा उघडले की ते पहिल्यासारखे घट्ट बसतीलच असं नाही, आणि तिकडे ते बसवणारा हात कुठला? ‘अगो बाय, सुट्टा केल्यार थय जोडतलो कोण?’ हा त्यांचा एकच प्रश्न. पुतणी म्हणत होती, ‘काका, तुम्ही सांगाल तसं मी व्हिडिओवर दाखवीन.’ त्यावर काका गप्प. हा वाद त्या दिवशी मिटला नाही.

मिटला तो कपाटानेच. काकांनी माथ्याची कोरीव पट्टी पाहण्यासाठी वर शिडी लावली. पट्टी खिळ्यांनी ठोकली असेल अशी त्यांची समजूत होती. धूळ पुसली तर आतल्या बाजूला दोन लाकडी पाचरी दिसल्या. हलक्या हाताने ठोकल्या तशा त्या मागे सरकल्या आणि पट्टी अलगद वर उचलली गेली. पट्टीखाली, चौकटीच्या डोक्यावर, पटाशीने मारलेली एक तिरकी रेघ. समोरच्या भागावर तशीच एक. पुढच्या कोपऱ्यात दोन रेघा, मागच्यात तीन, शेवटच्यात चार. ज्या सुताराने ते घडवलं त्याने कुठला भाग कुठे बसतो हे लाकडावरच लिहून ठेवलं होतं. काका बराच वेळ त्या खुणांवरून अंगठा फिरवत होते. मग खाली उतरले आणि म्हणाले, हे सुटं होण्यासाठीच केलेलं आहे.

यात नवल नाही. जुन्या घरांची दारं अरुंद आणि ठेंगणी, माडीचे जिने उभे, आणि सामान यायचं ते बैलगाडीतून नाहीतर होडीतून. मोठं कपाट भागाभागांत नेऊन जागेवर उभं करणं ही रीतच होती. ‘जुनं म्हणजे अख्खं, नवं म्हणजे सुटं’ ही आपली समजूत मॉड्युलर फर्निचर बघून झालेली आहे, तिच्यात तथ्य नाही. मायकेल थॉनेट या कारागिराच्या व्हिएन्नातल्या कंपनीने १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. वाफेवर वाकवलेलं लाकूड, सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एका घनमीटरच्या खोक्यात मावत. जगभर त्या पोहोचल्या त्या या हिशेबामुळे. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या. पाठवणी कशी होणार हे तिथे खुर्ची घडवतानाच ठरलं होतं. वेंगुर्ल्याच्या त्या सुतारानेही तेच केलं होतं, फक्त त्याला जायचं होतं दहा कोस.

काकांनी मग जे उघडत होतं तेच उघडलं. माथा, पायांची बैठक, दोन दारं, फळ्या, ड्रॉवर. दोन्ही बाजूंच्या चौकटी सरसाने पक्क्या जोडलेल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. पाठीची फळी चौकटीसकट एकसंध ठेवली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पूर्ण सुटं करण्याच्या नादात जो सांधा शंभर टक्के शाबूत आहे तो मोडणं हा शुद्ध तोटा आहे.

तीन नग झाले. पहिला चपटा: बाजू, पाठ, दारं, फळ्या, १९.३ घनफूट. दुसरा माथा आणि बैठक, १०.५. तिसरा आरसा, ६.७. एकूण साडेछत्तीस घनफूट, आकारणीचं वजन २९२ किलो, भाडं ₹३,७९६.

पॅकिंग

लाखेचं पॉलिश ताजं असताना त्यावर थेट बबल रॅप गुंडाळायचा नाही. उन्हात उभ्या ट्रकमध्ये पॉलिश मऊ पडतं आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी मऊ सुती कापड, मग फोमचा पातळ थर, मग बबल रॅप फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून, मग पुठ्ठा. ऑगस्टचा महिना होता आणि माल आंबोली घाटातून चढणार होता, म्हणून सगळ्यात वर जाड प्लास्टिक. पण प्लास्टिक हवाबंद केलं तर आतला ओलावा आतच राहून पॉलिशवर पांढरे डाग पडतात, त्यामुळे खालून मोकळं ठेवलं.

आरसा दारातून काढून वेगळा केला. काच आडवी कधीच ठेवायची नाही, उभीच न्यायची. आडव्या काचेवर एखादा हमाल सहज पाय देतो किंवा वर दुसरा माल येतो. मागेपुढे प्लायवुड, मध्ये फोम, काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या. जुन्या आरशाचा पारा मागून सुटू नये म्हणून मागच्या बाजूला चिकटपट्टी नाही.

स्क्रू, पाचरी आणि पितळी बिजागऱ्या छोट्या कापडी पिशव्यांत घालून प्रत्येक पिशवी ज्या भागाची त्या भागालाच बांधली. सगळं हार्डवेअर एका पाकिटात टाकून ते पाकीट एका नगात ठेवण्याची सवय अनेकांना आहे. तो नग मागे राहिला तर आलेल्या मालाचाही उपयोग होत नाही.

प्रत्येक थराचा फोटो काढला, मापपट्टी शेजारी धरून. पुतणीला तो उपद्व्याप वाटत होता. त्याचं काम पुढे आलं.

बिल्टीवरचा शिक्का

हा भाग विक्रेते वाचतच नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

कोल्हापूरच्या बुकिंग ऑफिसात बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, फाडली की कारकून सवयीने ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारतो. बहुतेकांना वाटतं, संपलं, आता काही झालं तरी आपलंच नुकसान. तसं नाही. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यानुसार माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदार जबाबदार असतो, आणि दावा लावला तर त्याचा हलगर्जीपणा आपण सिद्ध करावा लागत नाही. मात्र त्या जबाबदारीला मर्यादा आहे. जास्त जोखमीचा दर भरून माल बुक केला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. शिवाय बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावा उभाच राहत नाही.

आता आपल्या कपाटाला हे लावून बघा. अख्खं पाठवलं असतं तर भाडं ₹७,३८४, दहापट ₹७३,८४०, म्हणजे ₹६८,००० ची पूर्ण किंमत मर्यादेत बसली असती. सुटं करून आपण भाडं वाचवलं ₹३,७९६ वर, आणि त्याबरोबर मर्यादाही उतरली ₹३७,९६० वर. भाडं जितकं कमी, तितकं कायद्याचं कवच पातळ. काटकसरीने पाठवणाऱ्याला विमा जास्त लागतो, ही गोष्ट मी हरेक विक्रेत्याला सांगतो, आणि ती लोकांच्या गळी सहजी उतरत नाही.

म्हणून विमा उतरवला. त्यातही दोन प्रकार समोर आले. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याच्या ठरलेल्या अटी, म्हणजे इनलँड ट्रान्झिट क्लॉज, त्यांचा ‘बी’ प्रकार स्वस्त असतो, पण तो आग, वीज, गाडी उलटणं, टक्कर, पूल कोसळणं अशा मोठ्या घटनांपुरता आहे. ट्रक सुखरूप पोहोचला आणि हमालाच्या हातून नग आपटला, तर ‘बी’ मध्ये काही मिळत नाही. फर्निचरचं नुकसान तर बहुतांशी असंच होतं. ‘ए’ प्रकार घेतला, ₹६५० ला. त्यातही अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं.

कराचं थोडक्यात. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, जुनं कपाट दुरुस्त करून विकणं त्यात बसत नाही. वापरलेल्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरण्याची सोय आहे, ती पुतणीने घेतलेली होती. किंमत ₹५०,००० च्या वर म्हणून ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागलं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. अंतर सुमारे १,७५० किलोमीटर, म्हणजे ९ दिवस. या ९ दिवसांनीच पुढे घोळ घातला.

आणि एक गोष्ट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बाईंनी मनात आणलं असतं तर सावंतवाडीच्या काकांना गुरुग्रामच्या आयोगासमोर उत्तर द्यावं लागलं असतं. दूरवर विकणाऱ्याने हे डोक्यात ठेवूनच शब्द द्यावा.

भिवंडी

आंबोली घाट, कोल्हापूर, तिथून भिवंडी. इथपर्यंत तिन्ही नग एकत्र. भिवंडीच्या गोदामात माल उतरवून दिल्लीकडच्या गाड्यांत पुन्हा भरतात. महामार्गावर हजार किलोमीटर धावताना लाकडाला जेवढी इजा होते त्यापेक्षा जास्त या पन्नास फुटांत होते: ट्रकमधून ओढणं, फरशीवर टेकवणं, हुक लावणं, थप्पी मारणं. पहिला आणि तिसरा नग एका गाडीत चढले. दुसरा, माथा आणि बैठकीचा, मागे राहिला. तो आकाराने बेढब होता, थप्पीत बसत नव्हता, एवढंच कारण.

सुटं पाठवण्याची ही खरी किंमत. एक नग कधी अर्धा पोहोचत नाही. तीन नगांतले दोन पोहोचू शकतात.

दोन नग गुरुग्रामच्या दारात आले. ड्रायव्हर पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदावर, सही मागत होता, घाईत होता. बाईंनी पुतणीला फोन लावला, तिने मला जोडून घेतलं. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, सही करा, पण सहीच्या वर तुमच्या हाताने लिहा: ३ पैकी २ नग मिळाले, नग क्रमांक २ मिळाला नाही. आणि पोचेचा फोटो काढल्याशिवाय कागद सोडू नका.’ ड्रायव्हर कुरकुरला. त्यांनी लिहिलं. कोरी सही झाली असती तर कागदोपत्री तिन्ही नग पोहोचले असते आणि पुढचं सगळं भांडण त्या एका सहीवर अडलं असतं.

मागे राहिलेल्या नगाची ई-वे बिलाची मुदत संपत आली होती. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, आणि गोदामातली चढउतार हे त्यासाठी मान्य कारण आहे. पण ही वाढ त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे त्या वाहतूकदाराने करायची असते, आणि त्याला त्या एका नगाची फिकीर नव्हती. मुदतबाह्य बिलावर गाडी अडली तर देय कराच्या २०० टक्के दंड भरून माल सोडवावा लागतो, वर गाडी खोळंबते ती वेगळी. पुतणीने त्या संध्याकाळी बुकिंग ऑफिस, भिवंडी आणि दिल्लीचं ऑफिस असे फोन चालूच ठेवले, बिलाचा क्रमांक आणि संपण्याची वेळ प्रत्येकाला लिहून पाठवली. मुदत वाढली. नग निघाला.

पोहोचला तो एका कोपऱ्यात चेपलेला. पुठ्ठा ओला होऊन सुकल्याच्या खुणा, आत बैठकीचा पुढचा डावा पाय बुडातून तुटलेला. माथ्याच्या कोरीव पट्टीला काही झालं नव्हतं.

विमा कंपनीने पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे पॅकिंगचा विचारला. पुतणीने थराथराचे फोटो पाठवले. मापपट्टीवर फोमची जाडी दिसत होती. दुसरी मागणी, वाहतूकदाराकडे लेखी दावा केल्याची प्रत. ही मागणी रास्त असते, कारण भरपाई दिल्यावर कंपनी ते पैसे वाहतूकदाराकडून वसूल करू पाहते; आपण दावाच केला नाही तर तिचा हक्क जातो. पत्र त्याच आठवड्यात रजिस्टर्ड पोस्टाने गेलेलं होतं. नवा पाय काढण्याचा, पॉलिशचा आणि पाठवण्याचा खर्च मंजूर झाला. पूर्ण कपाटाची किंमत मागण्याचा मोह पुतणीला झाला नाही, आणि दावा लवकर निकाली निघण्यामागे तेही कारण होतं.

काकांनी लेथवर नवा पाय काढला. उरलेल्या तीन पायांची मापं त्यांच्या वहीत होतीच. साध्या पार्सलने तो गुरुग्रामला गेला.

जोडणी, आणि मे महिना

बाईंनी तिथल्या एका मिस्त्रीला ₹२,५०० ठरवून बोलावलं. फोनच्या पडद्यावर काका, मध्ये दुभाषी म्हणून पुतणी. पटाशीच्या खुणा जुळवत मिस्त्रीने चौकट उभी केली. एक रेघ एका रेघेला, दोन दोनांना. तो जोधपूरकडचा होता, खुणा बघून त्याने स्वतःच मान डोलावली. अडचण आली ती दाराच्या पॅनलची. मधली फळी चौकटीच्या खाचेत किंचित हलते आहे असं त्याला वाटलं आणि त्याने बारीक खिळे काढले. काका इकडून ओरडलेच. पुतणी म्हणाली, ‘भैय्या, कील मत लगाना, ये ढीला ही रहना चाहिए.’

हा हट्ट का, ते आकड्यांत सांगतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर लाकडातला ओलावा साधारण १६ टक्के होतो, ६५ ला १२, आणि ३० ला जेमतेम ६. कोकणात पावसाळ्यात ठेवलेलं कपाट आणि दिल्लीकडच्या मे महिन्यातलं कपाट यांत एवढा फरक पडू शकतो. सागवान या बाबतीत गुणी लाकूड, तरीही तंतूंच्या आडव्या दिशेने ते आकसतंच. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत, वार्षिक वलयांच्या दिशेत, सुमारे ५.८ टक्के. १८ इंच रुंद फळीचा ओलावा सहा टक्क्यांनी उतरला तर ती पाच मिलिमीटरच्या आसपास आखडते. खाचेत मोकळी असेल तर फळी मुकाट्याने आखडते. खिळ्यांनी जखडली असेल तर मधोमध चिरते.

काकांनी हे सगळं आधीच मराठीत एका कागदावर लिहून दिलं होतं. पॅनलला गोंद नाही, खिळा नाही. एसीचा झोत थेट कपाटावर नको. उन्हाळ्यात दारांत फट दिसेल, कुलूप थोडं सैल वाटेल, पावसाळ्यात पुन्हा जुळेल. तोवर रंधा मारायचा नाही. पुढच्या मे महिन्यात बाईंचा फोन आला की दोन्ही दारांच्या मध्ये फट पडली आहे. त्यांना कागदाची आठवण करून दिली. पावसाळा लागल्यावर फट मिटली. हा कागद नसता तर तो फोन तक्रारीचा असता, आणि कोणीतरी मिस्त्री येऊन दारांना पट्टी ठोकून गेला असता.

हिशेब असा झाला. भाडं ₹३,७९६, बिल्टी आणि घरपोच ₹९००, पॅकिंग ₹६,२००, टेम्पोत दुसऱ्याच्या मालाबरोबर कोल्हापूरपर्यंत ₹२,५००, विमा ₹६५०, जोडणी ₹२,५००. एकूण ₹१६,५४६. अख्ख्या कपाटापेक्षा ₹९,३८८ कमी, आणि तरी किमतीत धरलेल्या ₹९,००० पेक्षा ₹७,५४६ जास्त. हे ₹७,५४६ दोघांच्या नफ्यातून गेले. बाईंकडे ते मागावेत का यावर घरात बोलणं झालं. काका नको म्हणाले, शब्द दिला होता. मलाही तेच बरोबर वाटलं.

जाहिरातीतून ‘घरपोच मोफत’ आता गेलं आहे. वस्तूची किंमत वेगळी, पाठवणी वेगळी, आणि पाठवणीचा आकडा पुतणी तेव्हाच देते जेव्हा गिऱ्हाइकाकडून पिनकोड, मजला, लिफ्टच्या दाराचा मापपट्टी लावलेला फोटो आणि घराच्या मुख्य दाराची रुंदी येते. सोसायटीच्या सामान चढवण्याच्या वेळाही विचारते. काही गिऱ्हाइकं एवढे प्रश्न ऐकून गळतात, आणि तिला त्याचं वाईट वाटतं. मी तिला सांगतो की गळू दे. जो लिफ्टचा फोटो पाठवायला कंटाळतो तो माल आल्यावर दार मोजणार आहे.

बेढब नगावरही उपाय केला आहे. माथा आणि बैठक आता एकाच नगात जात नाहीत. बैठक उलटी करून चपट्या नगाच्या वर बांधतात आणि पाय काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात. माथ्याची पट्टी आरशाच्या खोक्यात, प्लायवुडच्या मागे. घनफूट थोडे वाढतात, नग दोनच राहतात, आणि दोन्ही चौकोनी असतात. थप्पीत बसतात.

सध्या शेडमध्ये मच्छरदाणीच्या दांड्यांचा एक पलंग आहे. गुवाहाटीहून विचारणा आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याच्या वळणावरची जागा साडेतीन फूट. पलंगाच्या बाजूच्या पट्ट्या साडेसहा फुटांच्या, त्या वळतील. डोक्याकडची कोरीव फळी एकसंध पाच फुटांची आहे, तिचं तेवढं ठरत नाही. काका म्हणतात ती कापणार नाही. पुतणीने त्या घरच्यांना पाच फूट लांब, चार फूट उंच पुठ्ठा कापून तो जिन्यातून वर नेऊन बघायला सांगितलं आहे, आणि त्याचा व्हिडिओ आल्यावरच ती कोटेशन देणार आहे.